पाव हेक्टरच्या आत

डेलावेअरच्या खाडीकाठी एक राखीव दलदल आहे,
तिला बॉम्बे हूक म्हणतात.
मुंबईचा काहीएक संबंध नाही.
डच आले तेव्हा काठावर छोटी झाडं होती,
आणि छोट्या झाडांना ते जे म्हणत
ते इंग्रजांच्या कानात शिरून बॉम्बे झालं.
हे मला वेंडेल ट्रुइटने पहिल्याच दिवशी सांगितलं,
बूट देता देता.
बूट दोन नंबर मोठे निघाले.

काम साधं.
ड्रोनने वरून फोटो काढून ठेवलेत,
घरी बसून मी त्यांवर रेघा ओढल्यात,
आता चिखलात उतरून बघायचं
की जे हिरवं वाटलं ते नेमकं कुठलं हिरवं.
प्लास्टिकच्या नळ्यांची मीटरभर चौकट टाकायची,
वाकायचं, मोजायचं, टक्के लिहायचे,
भरतीच्या आत परतायचं.
सडक्या अंड्याचा वास तीन दिवसांनी येईनासा होतो.
हिरव्या डोळ्यांच्या माश्या मात्र
शर्टाला जुमानत नाहीत.

बांधापलीकडचं बारीक गवत उभं राहत नाही,
आडवं पडून वळसे घेतं,
पोराच्या डोक्यावरच्या भोवऱ्यासारखे.
एका चौकटीत दोन भोवरे आले.
मी म्हटलं, आमच्याकडे अशाची दोन लग्नं होतात.
वेंडेल म्हणाला, माझी तीन झाली,
आणि टोपी खाली ओढली.

पुढे लालसर, रसरशीत काड्या,
आपल्या मोरसाच्या नात्यातल्या.
एक मोडून जिभेवर ठेवली.
फॉर्मवर चवीला रकाना नाही.

मग नळ, दोन पुरुष उंच, दाट.
रकाना सात: मूळ. स्थानिक की परकीय.
वेंडेल मोठ्याने वाचतो,
'परकीय'पाशी घसा खाकरतो
आणि आभाळात बदकं शोधू लागतो.
मी खूण करते.

तिसऱ्या आठवड्यात, उत्तरेच्या टोकाला.
फोटोत तिथे राखाडी ठिपके होते,
मी त्यांना 'उघडा चिखल' ठरवून मोकळी झाले होते.
जवळ गेलो तर सीडरची झाडं,
उभ्याउभ्या मेलेली.
मीठ मुळाशी पोचलं
तरी झाड लगेच पडत नाही,
वर्षानुवर्षं नुसतं साल टाकत राहतं.
वेंडेलच्या आजोबांचा मका इथवर होता.
तो पावलं मोजत गेला,
घोटाभर पाण्यात थांबून म्हणाला, इथे फाटक.

सोळा मेलेली.
आणि मधल्या उंचवट्यावर तीन जिवंत,
माझ्या खांद्याला लागतील एवढी.

नियम असा, की पाव हेक्टरहून लहान काही
नकाशात वेगळं दाखवायचं नाही,
शेजारच्या रंगात मिसळायचं.
मी उंचवटा मोजला. नऊ पावलं, सात पावलं.
रात्री स्मर्नाच्या मोटेलमध्ये
(स्मर्ना, लाइप्सिक, डोव्हर,
इथली गावंच दुसऱ्या गावांची नावं लावून बसलेली)
मी ती तीन झाडं पुसली,
वर खारं गवत पसरलं.
वर्ग चार, फिकट पिवळा.
चूक नाही त्यात. नियमाला धरूनच आहे.

कुणीतरी साडेतीनशे वर्षांपूर्वी
बहुधा जहाजावरूनच बघून
एक शब्द टाकला असेल.
चौकट नाही, टक्के नाहीत,
पाव हेक्टर भरतंय का, हेही विचारलं नसेल.
पुढे तो चुकीचा ऐकला गेला, चुकीचा लिहिला गेला,
रस्त्यावरच्या तपकिरी पाटीवर अजून चुकीचाच आहे,
आणि झाडं अजून त्याच्यात आहेत.

शेवटचा रकाना, शेरा. दोनशे अक्षरं चालतात.
'तीन,' एवढंच लिहिलं.
मग फोन वाजला.
वेंडेल. उद्या उधाण आहे, पहाटे पाचला नीघ.
आणि हो, बूट सापडलेत,
छोटे.